चवदार तळ्यापासून आजच्या निकालांपर्यंत : कोर्ट, सरकार आणि आपले हक्क



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा कार्यकारिणीने आग्रह धरला म्हणून हा लेख. आम्ही वकील नाही की प्राध्यापक नाही. १९८२ चा संप होऊन गेल्यावर आम्ही गिरणीत बदलीवर लागलो आणि पाळी संपली की वाचनालयात बसून हाताला लागेल ते वाचत गेलो. त्या वाचनातून जे उमजले ते समाजापुढे ठेवतो. चार माणसांना उपयोग झाला तरी पुष्कळ.

गेली काही वर्षे आपल्या वस्तीत एक गोष्ट वरचेवर दिसते. सकाळी पेपरात कोर्टाच्या निकालाचा मथळा येतो आणि संध्याकाळपर्यंत नाक्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, "संपलं आता, आरक्षण गेलं." दुसरा म्हणतो, "काही होत नाही, बाबासाहेबांची घटना आहे." निकालात नेमके काय आहे, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसते. भीतीही खोटी आणि बेफिकिरीही खोटी. म्हणून कोर्टाच्या निकालांनी आपल्याला आजवर काय दिले, आपले काय नेले आणि सरकारचे हात कोठे बांधले किंवा मोकळे सोडले, याचा थोडा इतिहास येथे मांडतो.

तळ्याचा दावा दहा वर्षे चालला

२० मार्च १९२७ हा दिवस लहान पोरालाही पाठ आहे. महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता, पण तो कागदावरच होता. बाबासाहेबांनी पाणी पिऊन तो ठराव अमलात आणला. त्यानंतर कोर्टात काय घडले ते मात्र फार थोड्यांना माहीत असते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दावा दाखल केला. तळे ही आमची खाजगी मालमत्ता आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रतिवादी होते खुद्द भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरच्या परिषदेला हजारो माणसे सत्याग्रहाच्या तयारीने आली होती. मनाईहुकूम मोडायला लोक एका पायावर तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. त्यांनी मनुस्मृतीचे दहन केले, पण कोर्टाचा हुकूम मोडला नाही. दावा मात्र नेटाने लढवला.

महाडच्या कोर्टात १९३१ साली निकाल आपल्या बाजूने लागला. समोरचे लोक ठाण्याला अपिलात गेले, तेथेही हरले. मग मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे १७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले गेले. तळे खाजगी असल्याचे सिद्ध झाले नाही आणि अनादी वहिवाटही सिद्ध झाली नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, पाणी पिण्याला लागला एक दिवस आणि तो हक्क कोर्टात शाबीत करायला लागली जवळपास दहा वर्षे. दुसरी, बाबासाहेबांनी रस्ता आणि कोर्ट या दोन्ही वाटा एकाच वेळी चालवल्या. एकीसाठी दुसरी सोडली नाही.

घटनेचा आत्मा कोणता?

घटना समितीत ९ डिसेंबर १९४८ रोजी बोलताना बाबासाहेबांनी एका कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले. ते कलम आरक्षणाचे नव्हते. ते होते आजचे कलम ३२. मूलभूत हक्क मोडला गेला तर नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, असे ते कलम. उच्च न्यायालयासाठी तसेच कलम २२६ आहे. आणि कलम १३ सांगते की मूलभूत हक्कांच्या विरोधात जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द समजला जाईल.

म्हणजे काय? सरकार कितीही बहुमताचे असो, त्याला जाब विचारण्याची एक जागा बाबासाहेबांनी ठेवली. ज्या समाजाला विधिमंडळात बहुमत कधीच मिळणार नाही, त्याच्यासाठी ही जागा किती मोलाची, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? पण जाब ऐकणारी तीही माणसेच. त्यांचा निकाल कधी आपल्या बाजूने लागतो, कधी विरुद्ध. घटना लागू होऊन दीड वर्ष होत नाही तोच याचा अनुभव आला.

पहिला धक्का मद्रासचा

मद्रास राज्यात वैद्यकीय आणि इंजिनिअरिंग कॉलेजातल्या जागा जातवार वाटण्याचा जुना सरकारी हुकूम होता. दर १४ जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, तर ख्रिस्ती आणि मुसलमान यांना एकेक, असा तो हिशोब. चंपकम दोराईराजन यांच्या अर्जावर आधी मद्रास उच्च न्यायालयाने आणि ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम घटनाबाह्य ठरवला.

त्या वेळी कायदेमंत्री होते बाबासाहेब. हा निकाल त्यांना मुळीच पटला नव्हता आणि संसदेत तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. नुसते सांगून थांबले नाहीत. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि १५(४) हे कलम आले. आज आपली मुले मेडिकलला, इंजिनिअरिंगला राखीव जागेवर जातात ती या कलमाच्या आधाराने. तो निकाल आला नसता तर हे कलम कदाचित लिहिलेच गेले नसते.

निकाल विरुद्ध गेला म्हणून कोर्टाला शिव्या घालत बसायचे नसते आणि हातपाय गाळूनही बसायचे नसते. निकालात कोणती फट आहे, कोणत्या दुरुस्तीने ती बुजते, हे पाहायचे असते. हा धडा बाबासाहेबांनी स्वतः घालून दिला आहे.

बौद्ध झालो आणि सवलत गेली

आता आपल्या घरातल्या निकालाकडे येऊ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिले होते की हिंदू धर्म पाळणाराच अनुसूचित जातीचा समजला जाईल. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच साली १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. लाखो माणसांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, पण सरकारी आदेश जागच्या जागी राहिला.

१९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांच्या विरोधात पंजाबराव यांनी अर्ज केला की मेश्राम बौद्ध झाले आहेत, तेव्हा ही जागा त्यांना लढवताच येत नाही. निवडणूक न्यायाधिकरणाने निवड रद्द केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि शेवटी १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निवड रद्द केली. एखाद्याने जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे जाहीरपणे सांगितले असेल तर तो नवा धर्म पाळतो असेच धरले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

केवढा पेच होता पहा! धर्म बदलला म्हणून गावाने विहीर उघडी केली नव्हती. वेशीबाहेरचे घर वेशीबाहेरच होते. शेतावरची मजुरी तीच, शिवी तीच. पण सरकारच्या दप्तरी तो माणूस आता अस्पृश्य नव्हता. प्रतिज्ञा मनापासून घेतली त्याची ही शिक्षा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर येथे राज्यापुरत्या सवलती मिळू लागल्या, पण केंद्र सरकारच्या नोकरीत आणि राखीव मतदारसंघात दार बंदच राहिले. कितीतरी घरांत मनाने बौद्ध आणि दाखल्यावर हिंदू महार, अशी दुहेरी नोंद चालली ती याच कारणाने. आपल्या बापजाद्यांना त्यावरून कोणी टोमणा मारू नये. पोराच्या पोटासाठी त्यांनी तो कागद सांभाळला.

हा निकाल दुसऱ्या निकालाने बदलला नाही. तो बदलला मोर्चांनी, निवेदनांनी आणि मतपेटीने. १९९० साली व्ही. पी. सिंग यांचे सरकार असताना संसदेने आदेशात बौद्धांचा समावेश केला. १९५६ ते १९९० म्हणजे चौतीस वर्षे! एक अख्खी पिढी केंद्राच्या नोकरीची वाट पाहत म्हातारी झाली.

सरकारचा हात आणि गरिबाचे घर

कोर्टाचे काम नुसते आरक्षणापुरते नाही. सरकार माणसाला पकडते, घर पाडते, जमिनीचा नियम बदलते, तेव्हा कोर्ट कोठे उभे राहते हेही पाहिले पाहिजे.

आणीबाणीत माणसे चौकशीशिवाय तुरुंगात गेली. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की अटक बेकायदा असेल तर दाद मागता येते. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सरकारची बाजू घेतली. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. तो बहुमताचा निकाल चूक होता असे सर्वोच्च न्यायालयाने स्वतः सांगितले, पण केव्हा? ऑगस्ट २०१७ मध्ये, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने. तोवर चार दशके उलटली होती.

मुंबईत १९८१ साली फुटपाथवरच्या झोपड्या उठवण्याचा हुकूम निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ साली ओल्गा टेलिस यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल आला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे वाक्य या निकालाने देशाला दिले. मात्र झोपड्या हटवूच नका, असे तो म्हणत नाही. नोटीस द्या, ऐकून घ्या, मग हटवा, एवढेच म्हणतो. हक्क मिळाला, घर वाचलेच असे नाही.

आम्हा गिरणी कामगारांच्या जिव्हारी लागलेला निकाल जमिनीचा. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते. एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली सरकारने नियमात बदल केला. आता वाटा निघणार तो बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचाच. गिरणी म्हणजे शेड आणि गोदामे, मोकळी जमीन कितीशी असणार? ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल अडवला. लालबाग-परळमध्ये पेढे वाटावेत असा तो दिवस होता. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सरकारचा बदल कायम केला. आज त्या जमिनींवर काय उभे आहे ते परळच्या पुलावरून कोणालाही दिसते. सरकारने कायदा न बदलता नियमातला एक शब्द बदलला, तरी शहराचा नकाशा बदलतो. म्हणून सरकारी अधिसूचना वाचणारी माणसे आपल्यात तयार झाली पाहिजेत.

अलीकडचा एक निकाल मात्र प्रत्येक वस्तीने भिंतीवर लावावा असा आहे. काही राज्यांत एखाद्यावर गुन्हा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी त्याचे घर बुलडोझरने पाडायची चाल पडली होती. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने त्याला लगाम घातला. आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही. निदान १५ दिवसांची नोटीस रजिस्टर पोस्टाने द्यावी आणि घरावरही चिकटवावी. घरमालकाचे ऐकून घ्यावे, पाडकामाचे चित्रीकरण करावे. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई वसूल होईल. पण लक्षात ठेवा, रस्ता, फुटपाथ, रेल्वेची हद्द, नदीनाला अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. आपली कितीतरी माणसे नेमकी तेथेच राहतात.

नोकरीत शिरलो, पुढची पायरी?

मंडलच्या वादात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी नऊ न्यायमूर्तींनी इंद्रा साहनी खटल्याचा निकाल दिला. ओबीसींचे २७ टक्के आरक्षण टिकले. त्याचबरोबर ५० टक्क्यांची मर्यादा आली, ओबीसींना क्रिमी लेयर लागला आणि पदोन्नतीत आरक्षण देता येणार नाही असे ठरले. शेवटचा मुद्दा आपल्या नोकरदारांच्या मुळावर येणारा होता. १९९५ साली ७७ वी घटनादुरुस्ती करून संसदेने अनुसूचित जाती-जमातींसाठी तो दुरुस्त केला.

पुढे २००६ च्या नागराज निकालात या दुरुस्त्या टिकल्या, पण मागासलेपणाची आणि प्रतिनिधित्वाची आकडेवारी आणा, अशी अट आली. २०१८ साली जर्नेलसिंग निकालात मागासलेपणाच्या आकडेवारीची अट गेली, प्रतिनिधित्वाची राहिली. आपल्या राज्यात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पदोन्नतीतल्या आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ मे २०२१ रोजी राज्य सरकारने पदोन्नतीच्या सगळ्या जागा सेवाज्येष्ठतेने भरायचा आदेश काढला. मधल्या काळात किती माणसे आहे त्याच खुर्चीवरून निवृत्त झाली त्याचा हिशोब कोण देणार? कोर्टाने आकडे मागितले होते. ते गोळा करणे हे सरकारचे काम होते. सरकारने ते वेळेत केले नाही आणि दोष मात्र लोक कोर्टाला देत बसले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाला तीन विरुद्ध दोन मतांनी मान्यता मिळाली. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधले गरीब वगळलेले आहेत. ५० टक्क्यांची भिंत आपल्यासाठी पक्की आणि दुसऱ्यांसाठी लवचिक, असे सामान्य माणसाला वाटले तर त्यात नवल नाही.

ॲट्रॉसिटीचा कायदा : २० मार्च ते २ एप्रिल

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. तो लागू करण्यात किती आडकाठी येते, हे खैरलांजीने दाखवले. २००६ साली भंडारा जिल्ह्यात एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली आणि हे जातीच्या द्वेषातून घडल्याचे मान्य केले नाही. ज्यांनी जात भोगली त्यांना हे पचणे कठीण होते.

पुढचा घाव मोठा होता. कराडच्या एका सरकारी औषधनिर्माण महाविद्यालयातल्या प्रकरणातून २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दिवस पहा, चवदार तळ्याचाच! सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, इतरांसाठी जिल्हा पोलीस प्रमुखाची, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, आणि अटकपूर्व जामिनाची वाट मोकळी, असे निर्देश त्यात होते. म्हणजे फिर्याद द्यायला गेलेल्याचीच आधी चौकशी.

२ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश येथे माणसांचे प्राण गेले. त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले. प्राथमिक चौकशी नको, परवानगी नको. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात आपले निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ वैध ठरवले. दोन वर्षांच्या आत हा फेरा पुरा झाला. १९६४ च्या निकालाला सव्वीस वर्षे लागली होती. फरक कशाचा? समाज जागा होता आणि एकाच वेळी रस्त्यावर, संसदेत आणि कोर्टात होता.

तरी दोन बारकावे ध्यानात ठेवा. फिर्यादीत प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन मिळू शकतो, असे २०२० चा निकाल सांगतो. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एका निकालात म्हटले आहे की चार भिंतींच्या आत, बाहेरचा कोणी हजर नसताना दिलेली जातिवाचक शिवी 'लोकांसमोर' दिलेली धरता येणार नाही. म्हणून फिर्याद देताना जागा, वेळ, कोण हजर होते आणि नेमके कोणते शब्द वापरले, हे लिहायलाच हवे. रागाच्या भरात अर्धवट फिर्याद दिली की खटला तेथेच ढिला पडतो.

उपवर्गीकरण : घरातला प्रश्न

आता ज्या निकालावरून भावाभावात भांडणे लागली त्याकडे येऊ. २००४ साली पाच न्यायमूर्तींनी म्हटले होते की अनुसूचित जाती हा एकच वर्ग आहे, राज्यांना त्याचे तुकडे करता येणार नाहीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध दविंदरसिंग या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मतांनी ते बदलले. राज्यांना आता उपवर्गीकरण करता येते. न्या. बेला त्रिवेदी यांचे मत विरोधात होते. बहुमतानेही अटी घातल्या आहेत. आकडेवारीचा आधार हवा, राजकीय सोयीसाठी करता येणार नाही, सगळ्या जागा एकाच गटाला देता येणार नाहीत, आणि केलेले वर्गीकरण कोर्टात तपासले जाईल. चौघा न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींनाही क्रिमी लेयर लावावा असे मत मांडले. पुढच्याच आठवड्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने सांगितले की बाबासाहेबांच्या घटनेत अनुसूचित जातींसाठी क्रिमी लेयरची तरतूद नाही. २१ ऑगस्टला भारत बंद झाला.

त्या चौघांत न्या. गवई होते. अमरावतीचे, रा. सु. गवई यांचे चिरंजीव. मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात ते देशाचे सरन्यायाधीश होते, त्या पदावरचे पहिले बौद्ध. त्यांचा अभिमान आहेच. बुलडोझरचा निकालही त्यांच्याच पीठाचा. पण माणूस आपला म्हणून त्याचे प्रत्येक मत आपले, असे बाबासाहेबांनी शिकवले नाही. क्रिमी लेयरचे मत आम्हाला मान्य नाही. पगार वाढला तरी भाड्याने घर मागताना आडनाव विचारले जाते. आरक्षण हे गरिबी हटवण्याचे साधन नाही, ते जातीने नाकारलेल्या जागेचे प्रतिनिधित्व आहे.

उपवर्गीकरणाचे काय? महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत आणि आरक्षण १३ टक्के. मातंग बांधवांची स्वतंत्र वाट्याची मागणी जुनी आहे. राज्य सरकारने २०२४ साली निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. तेलंगणाने एप्रिल २०२५ मध्ये तीन गट करून १, ९ आणि ५ टक्के अशी वाटणीही करून टाकली.

आमचे म्हणणे काहींना कडू लागेल. धम्मदीक्षेनंतर आपण शिक्षणावर तुटून पडलो, त्याचे फळ मिळाले. ज्या जाती मागे राहिल्या त्यांचा वाटा आपण खाल्ला, हा आरोप खरा नाही. पण त्या मागे राहिल्या हे खरे आहे. अण्णाभाऊंची जयंती आपण साजरी करतो आणि त्यांच्या जातभाईने वाटा मागितला की त्याला फुटीर म्हणतो, हे मैत्रीच्या शिकवणीला धरून नाही. त्याच वेळी सरकारला मोकळे सोडूनही चालणार नाही. निकालाने राज्यकर्त्यांच्या हाती वाटणीची सुरी दिली आहे आणि निवडणूक जवळ आली की सुरी चालवण्याचा मोह होतो. म्हणून आधी आकडे जाहीर करा. कोणत्या खात्यात, कोणत्या वर्गात, कोणत्या जातीची किती माणसे? अनुशेष किती? कंत्राटी भरतीने किती राखीव जागा गेल्या? भाकर दिवसेंदिवस लहान होत असताना तुकड्यांवरून दोन भावांनी भांडावे, हे कोणाच्या फायद्याचे?

निकाल कागदावर राहतो तेव्हा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे उलटली तरी तुरुंगाच्या नियमावलीत झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे जातीने ठरत होते! २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारात मरण आलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये देण्याचा आदेश झाला. २०१४ साली ही रक्कम १० लाख होती. रक्कम वाढली, पण माणसे गटारात उतरायची थांबली का? कोर्ट आदेश देते, अंमल करणारे हात सरकारचे असतात. त्या हातांवर नजर ठेवायचे काम आपले.

म्हणून विहारातल्या तरुणांना आमचे काही सांगणे आहे. निकाल आला की व्हॉट्सॲपवरचा मजकूर पुढे ढकलू नका. निकालपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर फुकट मिळते, त्याचा शेवटचा आदेशाचा भाग तरी वाचा. वस्तीत वकील झालेली मुले-मुली आहेत, महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर त्यांनी अर्धा तास एक निकाल समजावून सांगावा. नोटीस, फिर्यादीची प्रत, जातीचा दाखला, जुनी शाळेची नोंद, हे कागद प्रत्येक घरात एका पिशवीत नीट असावेत. कोर्टात भावना चालत नाही, कागद चालतो. बाबासाहेबांनीही महाडचा दावा भाषणाने नव्हे, पुराव्याने जिंकला.

कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. कोर्टाच्या निकालालाही हीच कसोटी लावावी. चांगला असेल तर त्याचा अंमल मागावा, वाईट असेल तर सनदशीर मार्गाने तो बदलून घ्यावा. १९५१ साली तो बदलला, १९९० साली बदलला, २०१९ साली बदलला. प्रत्येक वेळी समाज एकत्र होता. येत्या काळात उपवर्गीकरणाचा निर्णय आपल्या राज्यात केव्हाही दारात येईल. तेव्हा ५९ भावांचे एक कुटुंब म्हणून आपण त्याला सामोरे जाणार की नाही, हे कोणतेही कोर्ट ठरवू शकत नाही. ते आपणच ठरवायचे आहे.

वर्धापनदिनाच्या सर्वांना मंगल कामना!

नमो बुद्धाय! जयभीम!